परक्या सरकारला डाकूंबद्दल सल्ला द्यायचाय? आधी हे वाचा (नायजेरियाचं उदाहरण घेऊन)

आधीच सांगतो, मी राजदूत वगैरे काही नाही. उत्तर नायजेरियात कानो शहरात नऊ वर्षं एका कारखान्यात पर्चेस बघायचो आणि माझं इंग्रजी त्यातल्या त्यात बरं, म्हणून आमच्या भारतीय व्यापाऱ्यांच्या ग्रुपला उच्चायुक्तालयाकडे किंवा तिथल्या सरकारकडे काही लिहून द्यायचं असलं की ते काम माझ्या गळ्यात. रस्त्यावरची लूट, अपहरण, ट्रक अडवणं, विषय बहुतेक हेच. आता नाशकात बसून पेन्शनर झालोय. पुतण्या आंतरराष्ट्रीय संबंधांत एमए करतोय, त्याला असाइनमेंट आली की वायव्य नायजेरियातल्या डाकूंच्या हल्ल्यांबाबत भारताने तिथल्या सरकारला सल्ला द्यायचाय, त्याचं टिपण तयार करा. त्याने ड्राफ्ट पाठवला, पहिलंच वाक्य असं:

"नायजेरियाने दहशतवाद्यांशी वाटाघाटी तात्काळ थांबवून कठोर लष्करी कारवाई करावी."

मी म्हटलं अरे, नऊ शब्दांत एवढ्या चुका करायला पण टॅलेंट लागतं. त्याला फोनवर तासभर समजावलं तेच इथे लिहितोय, कारण असलं टिपण लिहायची वेळ बऱ्याच जणांवर येते, कोणी परीक्षेसाठी, कोणी थिंक टँकमधे इंटर्न म्हणून, कोणी खरोखरच मंत्रालयात डेस्कवर बसून. ते एकच वाक्य घेऊ आणि शब्द-शब्द दुरुस्त करत जाऊ.

"नायजेरियाने". म्हणजे नक्की कोणी? हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवायचा, नाहीतर पुढचं सगळं फुकट. नायजेरियात ३६ राज्यं आहेत पण पोलीस एकच, संघ सरकारचे. गव्हर्नरला (तिथला गव्हर्नर म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा, निवडून आलेला) सगळे राज्याचा "चीफ सिक्युरिटी ऑफिसर" म्हणतात, पण त्याच्या राज्यातला पोलीस कमिशनर ऑर्डर घेतो अबुजाकडून, म्हणजे राजधानीतल्या संघ सरकारकडून, आणि सैन्य तर अबुजाचंच. आपल्याकडे पोलीस हा राज्याचा विषय आहे त्यामुळे आपल्या डोक्यात चित्र उलटं असतं आणि आपण नकळत तसंच लिहून जातो. तिथे गव्हर्नरकडे पैसा आहे, जमीन आहे, गावच्या हकीमीवर वजन आहे (हकीमी म्हणजे आपलाच हाकीम, हाउसा भाषेत अरबीतून असे शब्द भरपूर आलेत, प्रतिनिधीला तर ते वकिलीच म्हणतात), पण बंदूक नाही. अबुजाकडे बंदूक आहे पण गावात कोण कोणाचा मेहुणा ते माहीत नाही.

याचा परिणाम काय झाला ते बघा. २०१९ मधे झामफाराचे नवे गव्हर्नर मातावाले यांनी टोळ्यांशी तह केला, २०२० मधे तर एक एके-४७ जमा करा आणि दोन गायी घ्या अशी ऑफर जाहीर केली. शेजारी कडुनाचे गव्हर्नर एल-रुफाई म्हणत होते एक पैसा देणार नाही, बोलणार नाही. कात्सिनाचे मसारी मधल्या मधे, २०१९ ला तह केला आणि जून २०२० मधे "यांनी शब्द मोडला" म्हणून बाहेर पडले. जंगल मात्र तिन्ही राज्यांत सलग आहे, जंगलाला राज्याची हद्द कळत नाही. मग फेब्रुवारी २०२१ मधे झामफाराच्या जांगेबे गावातून शाळेच्या मुली उचलल्या (२७९ मुली परत आल्या चार दिवसांनी) आणि राष्ट्राध्यक्ष बुहारींनी जाहीरपणे सुनावलं की राज्यांनी डाकूंना पैसे न् गाड्या बक्षीस द्यायचं धोरण तपासावं. म्हणजे देशाचा प्रमुख आपल्याच गव्हर्नरांना चारचौघांत रागावतोय. आता तुम्ही बाहेरून "नायजेरियाने" असं लिहिलं तर ते कोणाच्या टेबलवर जाणार? प्रत्येक जण म्हणणार हे दुसऱ्यासाठी आहे.

म्हणून कागद घ्या आणि तुमच्या प्रत्येक सूचनेपुढे लिहा की ही गोष्ट कोणाच्या हातात आहे. सैन्य, हवाई दल, सीमा, मोबाइल नेटवर्क हे अबुजा. चराईचे रस्ते, शाळेला कंपाउंड, नुकसानभरपाई, गावचे पंच हे राज्य. ज्या सूचनेपुढे नाव लिहिता येत नाही ती सूचना खोडा. पुतण्याच्या अकरा सूचनांपैकी चार उरल्या.

आता "दहशतवाद्यांशी". लेबल लावायच्या आधी त्याची किंमत बघायची. हाउसात साधी माणसं या डाकूंना 'यान बिंदिगा म्हणतात, म्हणजे बंदूकवाले. नोव्हेंबर २०२१ मधे अबुजाच्या फेडरल हायकोर्टाने यांना दहशतवादी ठरवलं, जानेवारी २०२२ मधे गॅझेट निघालं. त्यामागे एक व्यवहारी कारण पण होतं, अमेरिकेकडून घेतलेली १२ सुपर टुकानो विमानं. ती बंडखोर-दहशतवाद्यांविरुद्ध वापरायची अशा अटीत होती, साध्या गुन्हेगारांवर वापरली तर मानवी हक्कांचा प्रश्न उभा राहिला असता, तेव्हा लेबल बदललं की विमान उडवायला मोकळे. पण तेच लेबल लागल्यावर शेजारच्या गावचा म्हातारा जो दोन्ही बाजूंना ओळखतो आणि मधे निरोप पोचवतो तो पण आता दहशतवाद्याचा हस्तक ठरू शकतो. आणि एप्रिल २०२२ मधे त्यांच्या सिनेटने खंडणी देणाऱ्याला पण तुरुंगात घालायचं विधेयक मंजूर केलं. ज्याची पोरगी जंगलात आहे त्या बापाला सांगा हे.

टोळीवाल्यांचा मूळ धंदा बघा. भांडण सुरू झालं ते शेतकरी आणि गुराखी यांच्यात, जुने चराईचे रस्ते नांगरले गेले, मग गुरं चोरीला जाऊ लागली, शेतकऱ्यांनी 'यान सकाई नावाची गावरक्षक दलं काढली, त्यांनी बाजारात सापडेल त्या फुलानी (गुरं राखणारी जमात) माणसाला कापायला सुरुवात केली, मग तिकडूनही बंदुका आल्या, २०११ नंतर लिबिया कोसळल्यावर तर सहाराच्या दक्षिणेच्या सगळ्या साहेल पट्ट्यात हत्यारं स्वस्त झाली. गुरं संपली तेव्हा माणसं उचलायला लागले, कारण माणसाचे पैसे जास्त मिळतात. राज्य उलथवायचंय असं यातल्या बहुतेकांना काही नाही. काही टोळ्या जिहादी गटांबरोबर मिळूनही काम करतात हे खरं, पण म्हणून सगळे एक नव्हेत, आणि टिपणात हा फरक नसेल तर वाचणारा तिथला अधिकारी पहिल्या पानावरच कागद बाजूला ठेवतो.

आणि "फुलानी डाकू" असं चुकूनही लिहू नका. टोळ्यांमधे फुलानी बरेच आहेत, पण ज्यांची गुरं याच टोळ्यांनी नेली तेही फुलानीच. आपण महाराष्ट्रातल्या माणसांनी तरी ही चूक करू नये, इंग्रजांनी १८७१ मधे गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि आख्ख्या जमातीच्या जमाती जन्मापासून चोर ठरवल्या, सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवल्या, १९५२ ला तो कायदा गेला तरी पारध्याच्या पोराला आजही चौकीत आधी बसवतात. आपल्याकडचा हा अनुभव टिपणात एका ओळीत घातला तर चालतो, उलट चांगला दिसतो, कारण त्यात आपण आपलीच चूक सांगतोय.

माहिती कुठून घ्यायची याबद्दल एक सांगतो, कारण इंटर्न लोक फक्त रिपोर्ट वाचतात. आमचा ड्रायव्हर कानो-कडुना रोडवर गाणी लावायचा नाही. मला आधी वाटायचं धार्मिक आहे. मग एकदा झारियाच्या पुढे त्याने मधेच गाडी कडेला घेतली, इंजिन बंद, आणि नुसता बसून राहिला. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला दहा मिनिटं झाली, समोरून एक पण गाडी आली नाही. बस, एवढंच. अर्ध्या तासाने समोरून एक टँकर आला, याने हात केला, दोन शब्द बोलला, मग निघालो. दुसरी खूण म्हणजे फुलानी बायका. त्या डोक्यावर लाकडी-भोपळ्याच्या भांड्यात नोनो घेऊन येतात, म्हणजे आपलं ताकच, त्यात बाजरीचे उकडलेले गोळे कुस्करून खातात, भर उन्हात फार छान लागतं. ज्या आठवड्यात त्या बाजारात येत नाहीत त्या आठवड्यात काहीतरी बिनसलेलं असतं. सप्टेंबर २०२१ मधे सरकारने झामफारात मोबाइल नेटवर्कच बंद केलं, आठवडी बाजार बंद, कॅनमधे पेट्रोल विकायला बंदी. टोळ्यांना त्रास झाला असेल, नाही म्हणत नाही, पण त्याच वेळी या बायका गायब झाल्या, टँकरवाल्यांचे फोन गेले, म्हणजे गावाला धोक्याची जी खबर लागायची तीच तुटली. असा उपाय सुचवताना मुदत आणि पर्याय लिहायचा, किती आठवडे, आणि त्या काळात गावाने मदत मागायची कशी.

आता मुद्द्याचा शब्द, "वाटाघाटी थांबवून".

सगळे यावरच भांडतात, बोलायचं की मारायचं. माझं मत विचाराल तर हा प्रश्नच चुकीचा आहे. तिथे दोन्ही करून झालंय, अनेकदा, आणि दोन्ही फसलंय, एकाच कारणाने फसलंय. शब्द दिला गेला पण तो पाळून घ्यायला मधे कोणी उभं नव्हतं.

कांकाराचं उदाहरण घ्या. ११ डिसेंबर २०२० ला कात्सिनातल्या कांकारा गावच्या सरकारी शाळेतून तीनशेच्या वर मुलगे रात्रीत नेले. राष्ट्राध्यक्ष त्याच राज्यात आपल्या गावी, दाउरा इथे, सुट्टीवर आले होते. आठवड्याभरात ३४४ मुलं सुटली. ज्याने उचलली असं सांगितलं गेलं तो अव्वालुन दाउदावा फेब्रुवारी २०२१ मधे झामफाराच्या राजधानीत गव्हर्नरसमोर शरण आला, बंदुका दिल्या, कुराणावर हात ठेवून शपथ घेतली, फोटो झाले. आणि एप्रिल संपता संपता परत जंगलात, आणि लगेच मारलाही गेला. तीन महिने नाही टिकलं. का? लोक म्हणतात डाकूच तो, त्याचा काय भरवसा. असेलही. पण शरण आल्यावर त्याच्यावर खटला नाही, तुरुंग नाही, काम नाही, त्याच्या जुन्या शत्रूंपासून संरक्षण नाही. 'यान सकाईवर कागदावर बंदी होती, पण त्यांना या तहाची काही पडलेली नव्हती. शेजारच्या राज्याला तह लागू नाही. सैन्याला लागू नाही. म्हणजे गव्हर्नर एकटाच शब्द देणारा आणि त्याच्या शब्दाला बंदूकवाल्या कोणाचीच बांधिलकी नाही.

आता याच्या शेजारी चंबळ ठेवा. १९६० मधे विनोबा गेले तेव्हा वीसएक डाकू शरण आले. १९७२ ला जौराला जयप्रकाशांसमोर माधोसिंग, मोहरसिंग आणि त्यांच्या टोळ्यांनी गांधींच्या फोटोपुढे बंदुका ठेवल्या. आपल्याकडे हे संतांच्या चमत्कारासारखं सांगतात, पण त्यातलं खरं काम कंटाळवाणं होतं. चंबळची दरी मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थान तिन्हीत, तर तिन्ही राज्यं आणि दिल्ली एकच बोलतील हे आधी जुळवलं. माफी नाही. फाशी होणार नाही एवढा शब्द, बाकी खटला चालणार, शिक्षा होणार, आणि झाली. तुरुंग मात्र मुंगावलीला उघडा काढला, घरच्यांना सोय. आणि मधे असा माणूस जो ना सरकारचा ना टोळीचा, आणि शब्द मोडला तर उपोषणाला बसेल अशी दोघांनाही भीती. झामफारात उलटं झालं, शिक्षा शून्य आणि गायी दोन. ज्याचा भाऊ मारला गेला तो शेतकरी बघतोय की मारणाऱ्याला गायी मिळतायत, तो उद्या 'यान सकाईत जाणार नाही तर काय करणार?

चंबळची जाहिरात मात्र करू नका. १९७२ नंतर पण डाकू होतेच, फूलनदेवी १९८३ ला भिंडला शरण आली. हे टिपणात तुम्ही स्वतःच लिहा, समोरच्याने गूगल करून तोंडावर मारण्यापेक्षा बरं.

तर "वाटाघाटी थांबवा" किंवा "सुरू करा" यातलं काही न लिहिता प्रश्नांच्या रूपात लिहा: तहाच्या अटी सगळ्या राज्यांत एकच आहेत का, जमा झालेली बंदूक कोण मोजतं आणि कुठे जाते, शरण आलेल्याला रात्री कोण सांभाळतं, गावरक्षकांनी पण हत्यारं ठेवली का, आणि शब्द मोडला तर चौथ्या दिवशी कोण काय करणार. मधला माणूस कोण हेही विचारा. तिथे शेख गुमींसारखे धर्मगुरू २०२१ मधे जंगलात जाऊन टोळ्यांशी बोलले, सरसकट माफी द्या म्हणाले, त्यावरून देशभर दोन तट पडले. तुमचं त्यावर मत असेल ते खिशात ठेवा, मध्यस्थाचं नाव परक्या सरकारने सुचवलं की त्या मध्यस्थाची वाट लागली समजा.

"कठोर लष्करी कारवाई". इथे पुतण्याला एकच विचारलं, कशाने? कुठून? झामफारा हे एक राज्य आपल्या केरळपेक्षा थोडं मोठं आहे, रस्ते तुटपुंजे, टोळ्या मोटरसायकलवर, एकेकीवर तिघं. २४ ऑगस्ट २०२१ ला बंदूकवाले कडुनाच्या डिफेन्स अकादमीतच घुसले, दोन अधिकारी मारले, एका मेजरला उचलून नेलं. ही अकादमी १९६४ ला आपल्या भारतीय सैन्याच्या मदतीने उभी राहिली होती, खडकवासल्याची बहीणच म्हणा. जिथे अधिकारी घडतात तिथेच ही गत, तर "कठोर" हा शब्द लिहून काय होणार. आणि हवेतून मारायचं म्हणाल तर ३ डिसेंबर २०२३ ची रात्र आठवा, तुदुन बिरी गावात पैगंबर जयंतीसाठी लोक जमले होते, सैन्याच्या ड्रोनने चुकून बॉम्ब टाकले, ८५ च्या वर माणसं गेली, सैन्याने चूक मान्य केली. त्या रात्रीनंतर त्या भागातला माणूस सैनिकाला डाकूंची खबर द्यायच्या आधी दहा वेळा विचार करेल.

सैन्याबद्दल काही सुचवायचं असेल तर छोटं सुचवा. उदाहरणार्थ हल्ल्याची खबर आल्यापासून पहिली तुकडी पोचेपर्यंत किती वेळ लागतो हे लिहून ठेवायची पद्धत. पेरणी-कापणीच्या दिवसांत शेतावर पहारा, कारण टोळ्या शेतकऱ्यांकडून शेतात उतरायचा टॅक्स घेतात आणि तो टॅक्स तुटला तर त्यांचं उत्पन्न तुटतं. आणि सीमा. कात्सिना-झामफाराच्या उत्तरेला नायजर देश, तिथला मारादी भाग लागूनच आहे, टोळ्या इकडे मारून तिकडे पळतात. जुलै २०२३ मधे नायजरमधे लष्कराने सत्ता घेतली, पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेने निर्बंध लावले, नायजेरियाने सीमा बंद केली ती मार्च २०२४ ला उघडली. त्या भांडणात दोन्ही बाजूंचे अधिकारी एकमेकांचे फोन घेईनात अशी वेळ. तिसऱ्या देशाचा मुत्सद्दी खरंच उपयोगी पडतो तो इथे, दोघांना एका टेबलाशी बसवायला, राजकारण बाजूला ठेवून नुसती गुरांची चोरी आणि मोटरसायकली एवढ्याच विषयावर.

आता शेवटचा शब्द, "करावी". हा सगळ्यात महाग पडतो.

मी माझा पहिला कागद लिहिला होता तेव्हा त्यात "मस्ट" आठ वेळा होतं. आपल्याच एका अधिकाऱ्याने तो बघितला, लाल पेनाने आठही गोल केले आणि शेवटी लिहिलं, "हा कागद कोणत्या सैन्याबरोबर पाठवायचाय?" मला फार राग आला होता. मग कळलं.

दुसऱ्याच्या राज्यातले लुटारू कसे आवरायचे हा सल्ला किती महाग पडू शकतो हे मराठी माणसाला सांगायला नको खरं तर. १८१७. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त करायचा म्हणून इंग्रजांनी दौलतराव शिंद्यांशी ५ नोव्हेंबरला ग्वाल्हेरचा तह केला. वरून बघितलं तर काय, लुटारूंविरुद्ध मदत, कोण नाही म्हणेल? पण आत अट अशी की शिंद्यांचे पाच हजार स्वार इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली आणि असीरगड न् हंडियाचे किल्ले तारण. योगायोग बघा, त्याच दिवशी इकडे खडकीला बाजीरावाची फौज इंग्रजांवर चालून गेली होती. वर्ष-दीड वर्षात पेंढारी संपले, पेशवाईही संपली, आणि पेंढाऱ्यांना पाठीशी घालणारा अमीरखान मात्र टोंकचा नवाब होऊन बसला. तेव्हा अबुजातला अधिकारी परक्या देशाचा "सिक्युरिटी सल्ला" वाचताना आधी शेवटचं पान उघडून बघतो की यात असीरगड कुठे आहे, तर तो काही संशयी नाही, शहाणा आहे.

व्हिएन्ना करारात, १९६१ च्या, ४१ वं कलम स्पष्ट आहे की राजनैतिक माणसाने त्या देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही. म्हणून असा सल्ला नोट वर्बाल (दूतावासाचं सरकारी पत्र) म्हणून पाठवत नाहीत, ती औपचारिक, फाइलला लागते, मग त्यांना औपचारिक उत्तर द्यावं लागतं आणि औपचारिक उत्तर "आभारी आहोत" एवढंच येतं. डेमार्श (सरकारने दुसऱ्या सरकारकडे अधिकृतपणे म्हणणं मांडणं) पण नाही, त्यात बहुतेकदा तक्रारीचा सूर. नॉन-पेपर करा. म्हणजे लेटरहेड नाही, सही नाही, तारीख नाही, कोणाचं नाव नाही, दोन पानं, मीटिंग संपताना टेबलावर सरकवायची. उद्या पेपरात फुटलं तर दोघंही म्हणू शकतात हे काय ते आम्हाला माहीत नाही. आणि भेट कोणाची घ्यायची, तर ज्याच्या हातात ती गोष्ट आहे त्याची, पण गव्हर्नरकडे जायच्या आधी अबुजाला सांगून, नाहीतर दोघंही नाराज.

अजून एक, तुमचा स्वतःचा माणूस अपहरणात सापडला असेल तर हे टिपण त्या दिवसांत देऊ नका. तेव्हा तुम्ही सल्लागार नसता, पार्टी असता. १९२३ मधे चीनमधे लिनचेंगला डाकूंनी रात्री एक्सप्रेस गाडी पाडली, चिनी प्रवाशांबरोबर वीसेक परदेशी पण धरले. पेकिंगमधल्या परदेशी वकिलातींनी एवढा दबाव आणला की महिन्याभराने परदेशी सुटले, पण कसे, तर टोळीला सैन्यात ब्रिगेड म्हणून घेऊन आणि म्होरक्या सुन मेइयाओला अधिकारी करून. डिसेंबरात त्याला सरकारनेच मारून टाकलं. पुढच्या प्रत्येक टोळीला त्यातून दोन गोष्टी कळल्या, गोरा माणूस धरला की पद मिळतं आणि सरकारचा शब्द सहा महिने टिकतो. नायजेरियात साठएक हजार भारतीय आहेत, मराठी माणसं पण आहेत, नोव्हेंबर २०२४ ला मोदी अबुजाला गेले तेव्हा मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचा आनंद तिथल्या मंडळींनी त्यांच्यासमोर बोलून दाखवला होता. त्यांची काळजी असणं साहजिक आहे पण ती वेगळ्या फाइलमधे. सल्ल्याच्या कागदात "आमच्या नागरिकांची सुरक्षा" हे पहिल्या परिच्छेदात आलं की पुढचं सगळं स्वार्थी वाटतं. २८ मार्च २०२२ ला अबुजा-कडुना रेल्वेवर हल्ला झाला, साठच्या वर लोक नेले, शेवटचे २३ ऑक्टोबरात सुटले, सहा महिने. त्या घरांतल्या लोकांना तुमच्या पासपोर्टचं काय कौतुक.

तर पुतण्याचं वाक्य शेवटी असं झालं:

"संघ सरकार आणि वायव्येकडची राज्यं शरणागतीच्या अटी एकत्र ठरवण्याचा विचार करत असतील तर १९७२ मधे चंबळच्या तीन राज्यांनी अशा अटी कशा जुळवल्या, खटले आणि उघडा तुरुंग कसा चालवला, त्यात काय फसलं, याची कागदपत्रं आणि तुरुंग प्रशासनातले जाणकार आम्ही उपलब्ध करून देऊ शकतो. विनंती आल्यास."

तो म्हणाला काका, हे फारच मिळमिळीत झालं, मार्क कसे मिळणार. मी म्हटलं यात कोणी करायचं ते आहे, आपण काय देणार ते आहे, "काय फसलं" हे आहे, आणि शेवटचे दोन शब्द सगळ्यात महत्त्वाचे. आणि जे देऊ म्हटलंय ते खरंच देता येतं का हे पाठवायच्या आधी आपल्याच गृहखात्याला विचारून घ्यायचं, कारण मागितल्यावर "बघतो" म्हणालात तर तुमचा पण दाउदावा झाला.

आणि हो, नॉन-पेपर प्रिंट करूनच द्या. पेन ड्राइव्ह किंवा मेल करायची वेळ आलीच तर फाइलच्या प्रॉपर्टीजमधे जाऊन लेखकाचं नाव काढा. बिननावाचा कागद म्हणून दिलेला आणि आत "क्रिएटेड बाय" म्हणून आख्खं नाव, हे आमच्या ग्रुपमधे एकदा झालंय, नाव माझंच होतं.